राजपुत्राचं पोट कुठे गेलं?

एक मत आहे. ते बोईसरच्या नव्या टॉवरमध्ये फ्लॅटचं इंटिरिअर करून देणारा माणूस मांडतो, पालघरमधले चित्रकलेचे निवृत्त सर मांडतात, तारापूरच्या एमआयडीसीतून पाळी संपवून आलेला आणि मोबाइलवर युरोपातल्या म्युझियमची चित्रं चाळणारा इंजिनिअरही मांडतो. मत असं: चित्र असावं तर युरोपच्या राजपुत्रांच्या जुन्या तैलचित्रांसारखं. डोळे बोलतात, मखमल हाताला लागते, छातीवरच्या पदकांची चमक खोलीभर पडते, दोनशे वर्षांपूर्वीचा माणूस जसाच्या तसा समोर उभा. आणि याच वाक्याला जोडून, मध्ये श्वासही न घेता, दुसरं वाक्य येतं: नाहीतर आपल्याकडचं वारली बघा, काड्यांची माणसं, ना नाक ना डोळे, पाचवीतलं पोरगंही काढेल.

हे दुसरं वाक्य जिथे बोललं जातं तिथून डहाणू तालुक्यातलं गंजाड तासाभराच्या वाटेवर आहे. त्या गावाकडे वळायचं आहेच. आधी राजपुत्राचा समाचार घ्यायला हवा.

हा नुसता आवडीनिवडीचा मामला असता तर सोडून देता आला असता. कोणाला मखमल आवडते, कोणाला माती. पण या मतात तीन दावे दडलेले आहेत आणि तिन्ही ठासून केले जातात. ही चित्रं खरी आहेत, माणूस होता तसाच त्यांत आहे, हा पहिला. खरी आहेत म्हणून ती इतिहासाचा पुरावा आहेत, हा दुसरा. आणि तिसरा असा की युरोपने माणूस शोधला, एकेका माणसाचा वेगळा चेहरा शोधला, आणि आपले आदिवासी मात्र घोळक्यातच नाचत राहिले. हा तिसरा दावा इतक्या उघड शब्दांत कोणी करत नाही. पण ‘काड्यांची माणसं’ म्हणताना ओठांवर जे हसू असतं त्यात तो पुरता बसलेला असतो.

पहिल्या दाव्याला साक्षीदार म्हणून इंग्लंडचा युवराज जॉर्ज बोलवावा. त्याच्यापेक्षा नामी साक्षीदार मिळणार नाही. जन्म १७६२चा. वडील तिसरे जॉर्ज वेडाच्या झटक्यांनी कायमचे निकामी झाल्यावर १८११ ते १८२० राज्यकारभार याच्याच नावाने चालला. पुढे तो चौथा जॉर्ज म्हणून गादीवर बसला. खाण्यापिण्याचा शौक इतका की पस्तिशी गाठतानाच वजन १११ किलोवर गेलं होतं. १८२४ मध्ये त्याच्यासाठी शिवलेला कॉर्सेट ५० इंची कंबरेचा होता. डोक्यावर टोप, पायांत संधिवात.

आता टॉमस लॉरेन्सने काढलेली त्याची चित्रं पाहावीत. १८१५च्या सुमाराचं फील्ड मार्शलच्या गणवेशातलं, १८१६चं गार्टरच्या मानाच्या झग्यातलं, १८२१चं राज्याभिषेकाच्या थाटातलं. दाट कुरळे केस, गुलाबी गाल, भरदार छाती, खाली निमुळती होत गेलेली कंबर आणि पांढऱ्या रेशमी मोज्यांतले घडीव पाय. पोट कुठे गेलं? झग्याच्या घडीत नाही, सावलीत नाही, मागच्या लाल पडद्याआड नाही. चित्रकाराने ते काढलंच नाही. ज्या माणसाला बापाने एकदाही लढाईवर जाऊ दिलं नाही, त्याच्या अंगावर सेनापतीचा गणवेश मात्र शिलाईसकट काढला. त्या चित्रांचा परिणाम खुद्द मालकावरही झाला असावा, कारण म्हातारपणी हा राजा आपण वॉटर्लूच्या लढाईत होतो असं जेवणाच्या टेबलावर सांगत असे, आणि समोर ती लढाई जिंकलेला वेलिंग्टन बसलेला असला तरी सांगत असे.

याच युवराजाचं एक खरं वर्णनही झालं होतं, आणि ते करणाऱ्याचं काय झालं हे या चर्चेत सहसा सांगितलं जात नाही. १८१२ मध्ये ‘मॉर्निंग पोस्ट’ने युवराजाला मदनाचा अवतार ठरवणारी स्तुती छापली. ‘एक्झामिनर’ या साप्ताहिकाचा संपादक ली हंट याने उत्तर दिलं की हा मदन म्हणजे पन्नाशीतला एक लठ्ठ गृहस्थ आहे. बदनामीचा खटला उभा राहिला. ली आणि त्याचा भाऊ जॉन या दोघांना १८१३ मध्ये प्रत्येकी दोन वर्षांची कैद आणि ५०० पौंड दंड झाला. ली हंट तुरुंगातून सुटला ते साल १८१५. त्याच साली युवराजाने लॉरेन्सला ‘सर’ केलं. १८२० मध्ये लॉरेन्स रॉयल अकादमीचा अध्यक्षही झाला. पोट शब्दांत दाखवणारा कोठडीत आणि रंगांत गिळून टाकणारा अकादमीच्या खुर्चीत. हुबेहूब कशाला म्हणायचं याचा निकाल त्या काळात असा लागत होता.

यावर उत्तर ठरलेलं असतं: राजाचं चित्र म्हटल्यावर थोडी सजावट आलीच, पण चेहरा तरी खरा ना? बरं, चेहरा. लॉरेन्स समोर बसलेल्या माणसाचं डोकं आधी कॅनव्हासवर रेखून घेई आणि झगे, गणवेश, पडदे यांचा बराचसा भाग त्याच्या चित्रशाळेतले मदतनीस रंगवत. राजाच्या अधिकृत चित्राच्या तर प्रतीच निघत; परराज्यांना, वकिलातींना, मर्जीतल्या सरदारांना त्या भेट जात. गार्टरच्या झग्यातलं एक चित्र पोपकडे गेलं, ते आजही व्हॅटिकनमध्ये आहे. म्हणजे ज्या मखमलीवर बोईसरचा रसिक जीव टाकतो ती बहुतेकदा नोकराच्या हातची, आणि ज्या चेहऱ्यातून आत्मा दिसतो असं तो म्हणतो तो एका चेहऱ्याची नक्कल, तीही मुळातच खोट्या चेहऱ्याची. आत्मा नेमका कितव्या प्रतीत उतरला होता?

नेपोलियनने तर ही लाजही ठेवली नाही. आल्प्स ओलांडतानाचं त्याचं उधळलेल्या घोड्यावरचं चित्र दाविदने १८०१ मध्ये काढलं. स्पेनच्या राजाने ते मागवलं होतं, आणि पुढच्या चार वर्षांत त्याच्या एकूण पाच आवृत्त्या निघाल्या. आज तेच चित्र कॅनव्हासवर छापून, सोनेरी चौकटीसह, घरपोच मिळतं. प्रत्यक्षात नेपोलियनने ती खिंड खेचरावर बसून ओलांडली. चित्रासाठी तो बसलाही नाही. दाविदने आपल्या मुलाला उभं करून पवित्रा घेतला. थोर माणसाचं चित्र त्याच्यासारखं दिसतं का हे कोणी विचारत नाही, त्याचं तेज दिसलं की पुरे, असं नेपोलियनचं म्हणणं दाविदच्या शिष्याने नोंदवून ठेवलं आहे. ज्याचं चित्र त्यानेच हुबेहूबपणाची अट उडवून लावली. ती अट दोनशे वर्षांनी पालघर जिल्ह्यात जिवंत आहे.

एका गोष्टीत मात्र या चित्रांचा वारसा इथे अस्सल उतरला आहे. बोईसर स्टेशनबाहेर, पालघरच्या चार रस्त्यांवर, मनोरच्या नाक्यावर जे वाढदिवसाचे फ्लेक्स लागतात ते पाहावेत. भाऊंचा रंग तीन छटा उजळलेला, हनुवटी एकच उरलेली, पोट सपाट, हात जोडलेले, मागे उगवता सूर्य किंवा सिंह. कॉम्प्युटरवर बसलेला पोऱ्या लॉरेन्सचं काम दीड तासात करतो आणि चौरस फुटावर पैसे घेतो. या फ्लेक्सला हसणारा रसिक लंडनच्या फ्लेक्ससमोर गंभीर का होतो? तेलाचा वास येतो म्हणून?

दुसरा दावा पुराव्याचा. त्यासाठी समुद्र ओलांडायची गरज नाही, पुणे पुरतं. पेशव्यांच्या दरबाराचं एक भलंमोठं तैलचित्र लंडनच्या टेट संग्रहात आहे. तरुण सवाई माधवराव गादीवर, नाना फडणवीस, दरबारी मंडळी आणि तह करत असलेला इंग्रजांचा पुण्यातला वकील चार्ल्स मॅलेट. प्रसंग १७९०चा, टिपूविरुद्धच्या तहाचा. पेशवे दरबार ‘असा दिसायचा’ म्हणून हे चित्र पुस्तकांत छापलं जातं आणि कोणी शंका काढली तर ‘अहो, साहेबाने समोर बसून काढलंय’ असं ऐकवलं जातं.

तर तारखा जुळवाव्यात. तह १७९०चा. जेम्स वेल्स हा स्कॉटिश चित्रकार मुंबईत उतरला १७९१ मध्ये आणि पुण्याला पोचला त्याच्या पुढच्या वर्षी. म्हणजे तह झाला तेव्हा त्याने हिंदुस्थानचा किनाराही पाहिलेला नव्हता. मॅलेटच्या आश्रयाने त्याने माधवराव, नाना, महादजी शिंदे यांची चित्रं केली, दरबाराच्या मोठ्या चित्रासाठी अभ्यासचित्रं जमवली आणि १७९५च्या नोव्हेंबरात, लेण्यांची चित्रं काढता काढता, साष्टी-ठाण्याकडे तो तापाने गेला. सवाई माधवराव त्याआधी काही आठवडे, ऑक्टोबरात, शनिवारवाड्यात वरून पडून गेले होते, वयाच्या एकविसाव्या वर्षी. मग ते चित्र पुरं केलं टॉमस डॅनिएलने, इंग्लंडमध्ये, १८०५ साली. ज्याने सुरुवात केली त्याने प्रसंग पाहिला नाही, ज्याने शेवट केला त्यानेही पाहिला नाही, आणि ज्याचा दरबार त्याला जाऊन दहा वर्षं झालेली. कोर्टात असा साक्षीदार उभा केला तर पालघरचा नवशिका वकीलही त्याला दोन प्रश्नांत खाली बसवेल.

आणि १८०५ साली पेशवाईची गत काय होती? ३१ डिसेंबर १८०२ रोजी दुसऱ्या बाजीरावाने वसईत, म्हणजे आजच्या पालघर जिल्ह्यातच, इंग्रजांची तैनाती फौज पत्करणाऱ्या तहावर सही केली होती. १८०३ मध्ये असईची लढाई होऊन गेली होती. अशा वेळी लंडनच्या प्रेक्षकापुढे काय मांडलं गेलं? दोन बरोबरीचे दरबार, गादी, लोड, अदब, हसतमुख करार. मधली पंधरा वर्षं पुसायला याहून चांगलं फडकं नव्हतं. चित्राचं काम दिलं होतं मॅलेटने, आणि वेल्सची मुलगी सुझॅना हिच्याशी त्याने पुढे १७९९ मध्ये लग्नही केलं. म्हणजे पैसे देणारा, चित्राचा नायक आणि चित्रकाराचा जावई हा एकच माणूस. याला पुरावा म्हणायचं असेल तर लग्नाच्या अल्बमलाही पंचनामा म्हणावं.

नानांचा उभट, सावध चेहरा वेल्सने टिपला, त्याबद्दल त्याचे आभार मानायला हरकत नाही. तेवढेच. कारण १७९० साली पुण्यात, डोळे उघडे ठेवून, हातात कुंचला घेतलेला एक माणूस हजर होता. त्याचं नाव गंगाराम तांबट. पेशव्यांच्या शिकारखान्यातला गेंडा त्याने त्याच वर्षी काढला. वेरूळची लेणीही त्याने मॅलेटसाठी चितारली. त्याची चित्रं आज अमेरिकेत येल विद्यापीठाच्या संग्रहात जपून ठेवली आहेत. तैलचित्रांवर भाळलेल्या मंडळींना त्याचं नाव विचारून पाहावं.

राज्यकर्त्यांच्या चेहऱ्यांची ही हकीकत या किनाऱ्याला नवी नाही. तारापूरचा किल्ला चिमाजीअप्पांच्या फौजेने १७३९ मध्ये घेईपर्यंत इथला कारभार गोव्याच्या पोर्तुगीज व्हाइसरॉयच्या हुकमाने चाले. त्या व्हाइसरॉयांची आणि गव्हर्नरांची चित्रं जुन्या गोव्यात पुरातत्त्व खात्याच्या संग्रहालयात रांगेने लावलेली आहेत. ही रांग १५४७ मध्ये जुआंव द कास्त्रोने सुरू करवली. आजवरच्या सगळ्या कारभाऱ्यांचे चेहरे हवेत असं त्याच्या मनात आलं. आता पहिला व्हाइसरॉय अल्मेडा १५१० मध्येच मेलेला. मग बखरकार गास्पर कोरेय्या याच्या सांगण्यावरून आणि रेखाटनांवरून एका स्थानिक चित्रकाराने ते साहेब उभे केले. कोरेय्या स्वतः हिंदुस्थानात आला १५१२ मध्ये. म्हणजे अल्मेडाचं तोंड त्यानेही इथे पाहिलेलं नव्हतं. पुढच्या शतकांत या चित्रांवर कितीदा तरी पुन्हा रंग चढवले गेले. खाली कोण आणि वर कोण हे शोधायला तज्ज्ञांना चित्रं तपासावी लागली. तरी प्रवासी त्यांच्यापुढे उभा राहून म्हणतो, काय करारी चेहरा आहे!

मराठी माणसाने तर या बाबतीत दुप्पट सावध असायला हवं. शिवाजी महाराजांचं म्हणून भलत्याच माणसाचं चित्र घराघरांत वर्षानुवर्षं लागलं होतं. वा. सी. बेंद्रे यांनी जुन्या डच ग्रंथातलं महाराजांचं चित्र शोधून १९३३ मध्ये लोकांपुढे आणलं तेव्हा कुठे ती चूक हलू लागली. त्या आधीच्या चित्राकडे पाहूनही लोकांना डोळ्यांत तेज दिसत होतंच की! तेज चित्रात होतं की खाली लिहिलेल्या नावात?

उरला तिसरा दावा, आणि तो सगळ्यात चीड आणणारा आहे. युरोपच्या रोमँटिक काळाने ‘व्यक्ती’ शोधली, हे खरं. पण कुठे शोधली? राजपुत्रांच्या तैलचित्रांत? त्या काळातल्या फ्रान्सच्या जेरिकोने मनोरुग्णांचे चेहरे काढले, एकेकाचे, शांतपणे, कसलाही साज न चढवता. दहा काढले होते असं सांगतात. त्यांतले पाच १८६३ मध्ये जर्मनीत बाडेन-बाडेनला सापडले. त्यांना ना मखमल, ना पदक, ना मागे लाल पडदा. त्या चित्रांचं काम कोणा दरबाराने दिलं नव्हतं, म्हणून त्यांत माणूस आला. गोयाने स्पेनच्या राजघराण्याला १८००–०१ मध्ये एका ओळीत उभं केलं ते सुरकुत्या न पुसता. पुढे सातवा फर्डिनंड परतल्यावर दरबाराने पसंती दिली ती विसेंते लोपेसच्या गुळगुळीत हाताला, आणि १८१५ मध्ये मुख्य दरबारी चित्रकार केलं तेही त्यालाच. राजपुत्रांना व्यक्ती नकोच होती, त्यांना राजपुत्र हवा होता. झगा, काठी, पडदा, खांब, ढग, सगळं एकाच साच्याचं; गादी बदलली की वरचं डोकं बदलायचं. मग घोळक्यात कोण आहे?

लॉरेन्सचा हात विलक्षण होता. पांढऱ्या साटिनवरचा उजेड त्याने जसा पकडला तसा फार थोड्यांना जमला. एवढं मान्य करून पुढे जायला हवं, कारण प्रश्न हाताचा नाहीच. हाताने कोणाची चाकरी केली, हा आहे.

आता गंजाड. डहाणू, तलासरी, जव्हार, विक्रमगडच्या पाड्यांवर लग्नघरात कुडाची भिंत शेणाने सारवून, गेरू लावून तयार करतात. तांदळाच्या पिठाचा पांढरा रंग, टोक चेचलेली बांबूची काडी. सवाशिणी देवीचा चौक लिहितात, लग्न लावणारी धवलेरी गाणी म्हणते, आणि चौक लिहून झाल्याशिवाय लग्न लागत नाही. चौकात पालघट देवी. शेजारी लहान देवचौकात घोड्यावर पंचशिऱ्या. या स्वाराला डोकं नाही. मानेतून धान्याची पाच कणसं फुटलेली आहेत. दाविदचा घोडेस्वार आणि हा घोडेस्वार शेजारी ठेवून कोणत्याही शाळेतल्या पोराला विचारावं की यांतला कोण कल्पनेचा आणि कोण खरा. दाविदच्या चित्रात तळाच्या खडकांवर बोनापार्टच्या शेजारी हॅनिबल आणि शार्लमेनची नावं कोरलेली आहेत, म्हणजे हा कोणाच्या पंगतीतला ते कळावं. पंचशिऱ्याला पाटीची गरज पडत नाही. पाऊस झाला तर भात येईल, भात आला तर लग्न लागेल, हे पाड्यावरच्या प्रत्येकाला ठाऊक आहे.

‘नाक-डोळे काढता येत नाहीत’ म्हणणाऱ्यांनी एकदा हे चौक जवळून पाहावेत. दोन त्रिकोण टोकाला टोक लावून ठेवले की कंबर होते, आणि त्या एका टोकावर माणूस वाकतो, उफणतो, ताडावर चढतो, जाळं फेकतो, बाळंत होतो. खांद्याचा त्रिकोण केसभर कलला की ओझ्याचं वजन कळतं. लॉरेन्सला हे वजन कळवायला एकदाही प्रसंग आला नाही, कारण त्याच्या राजपुत्राने कधी काही उचललंच नाही.

आणि तो घोळका. १९४५ पूर्वी या पट्ट्यात लग्नगडी नावाची पद्धत होती. लग्नासाठी सावकाराकडून, जमीनदाराकडून थोडे पैसे घ्यायचे आणि त्यापायी नवरा-बायकोने आयुष्यभर त्याच्याकडे राबायचं. वेठबिगार तर होतीच. ज्या लग्नाच्या भिंतीवर चौक लिहिला जाई तेच लग्न माणसाला गुलाम करून टाकी. १९४५ मध्ये शेतकरी चळवळीतल्या गोदावरी आणि शामराव परुळेकरांच्या साथीने तलासरी-डहाणूच्या वारल्यांनी ही वेठ झुगारली. लाठ्या-गोळ्या खाल्ल्या, तुरुंग भोगले. हे घोळक्याने केलं, चेहरा नसलेल्यांनी केलं. त्यांच्या चौकात झाडं आहेत, मोर आहेत, फणी आहे, शिडी आहे, चंद्र-सूर्य आहेत. जमीनदाराला जागा नाही. त्यांच्या जिवावर उठलेल्या माणसाला त्यांनी भिंतीवर चार बोटं जागा दिली नाही, आणि युरोपच्या चित्रकारांनी आपल्या सगळ्यात नालायक युवराजाला नऊ फुटी कॅनव्हास दिला. यांत अडाणी कोण ठरतं?

वारलीच्या कैवाऱ्यांनीही इथे फार खुश होऊ नये. ‘किती निरागस, किती आदिम’ म्हणत कुर्त्याच्या काठावर तारपा छापणारे त्याच मताचे चुलतभाऊ आहेत. शाळेतल्या रेखाकला परीक्षांपर्यंत वारलीची ओळख काय, तर किनारीला घालायची नक्षी. गंजाडचे वारली चित्रकार जिव्या सोमा म्हसे निरागस नव्हते. बायकांचं मानलं जाणारं काम त्यांनी हाती घेतलं, भिंतीवरून कागदावर आणि कापडावर आणलं, लग्नाच्या चौकाबाहेर नेलं आणि मासेमारीच्या जाळ्याला चित्रभर पसरून टाकलं. १९८९ मध्ये पॅरिसच्या पॉम्पिदू केंद्रातल्या प्रदर्शनात ते होते. २००३ मध्ये जर्मनीत ड्युसेलडॉर्फला रिचर्ड लाँग या इंग्लिश कलावंताबरोबर त्यांची चित्रं लागली. २००९ मध्ये त्यांना नेदरलँड्सचा प्रिन्स क्लाऊस पुरस्कार मिळाला, २०११ मध्ये पद्मश्री. युरोपातल्या एका राजपुत्राच्या नावाचं बक्षीस गंजाडला आलं ते एकही राजपुत्र न रंगवता. मात्र त्या बक्षिसामुळे ही चित्रं मोठी झाली, असं मानणारा रसिक अजून दरबाराच्या दारातच उभा आहे. ती १९७०च्या आधीही, कुडाच्या भिंतीवर, पावसात धुऊन जातानाही एवढीच मोठी होती.

ज्याला दिवाणखान्यात मदनाचा पुतळा लावायचा आहे त्याने खुशाल लावावा. भिंत त्याची, पैसे त्याचे. पण त्याला सत्य म्हणू नये, पुरावा म्हणू नये, आणि त्याच्या जोरावर डहाणूच्या बायकांना चित्र काढता येत नाही असं तर मुळीच म्हणू नये. आणि ज्याला अजूनही वाटतं की हे पाचवीतलं पोरगंही काढेल, त्याने गेरूची पाटी आणि तांदळाचं पीठ घ्यावं. मधोमध तारपा वाजवणारा काढावा. त्याच्याभोवती नाचणाऱ्यांची साखळी गोगलगाईच्या कवचासारखी आतून बाहेर फिरवत न्यावी, हातात हात, पन्नास-साठ माणसं, एकाचाही हात सुटता कामा नये, एकाचंही पाऊल तालाबाहेर पडता कामा नये. खोडरबर मिळणार नाही. पिठाचा रंग वाळायच्या आत पुरं व्हायला हवं. ते जमलं की मग युवराजाच्या मखमलीवर पुन्हा चर्चेला बसावं.